कूलंट कमी होतंय, एस्टिमेट ४१,६०० चं: आधी गळती दाखवा म्हणा

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, ९२,००० किलोमीटर झालेली. धायरीहून रोज हिंजवडी. गेल्या महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा वर गेला, बोनेट उघडलं तर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत द्रवाची) बॉटल जवळजवळ रिकामी. तेव्हापासून भरलं की आठ-दहा दिवसांत पुन्हा खालच्या रेषेखाली. पार्किंगमध्ये मात्र एक डाग नाही. सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट दिलं: रेडिएटर ७,८००, वॉटर पंप ४,२००, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगसकट २,१००, सगळे होज पाइप ३,६००, ‘खबरदारी म्हणून’ हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचं) काम १४,५००, कूलंट आणि फ्लशिंग २,४००, लेबर ७,०००. एकूण ४१,६००. सोसायटीजवळचा मेकॅनिक म्हणतो, लीक-स्टॉप (आतून भेग बुजवणारं रसायन) टाकू, थर्मोस्टॅट काढून टाकू, दोन हजारांत मोकळे व्हाल. कुणाचं ऐकू?

सध्या दोघांचंही नको. कारण दोघांनाही गळती सापडलेली नाही. सापडली असती तर त्या कागदावर एक भाग असता, फार तर दोन. पाणी जिथून जिथून फिरतं ते सगळंच बदललं की गळती कुठे ना कुठे थांबणारच, असा सर्व्हिस सेंटरचा हिशोब. मेकॅनिकचा हिशोबही तोच, फक्त स्वस्तातला: कुठून गळतंय ते न बघता आतून सगळीकडे लेप मारायचा. म्हणून रक्कम जास्त की कमी हा वाद आत्ता बाजूला ठेवा. त्या कागदावर आज मत देण्यासारखं फारसं काही नाहीच, कारण रोग कुठला ते ठरायचंय.

डाग का दिसत नाही, हे आधी समजून घ्या. कूलिंग सिस्टीम गरम झाल्यावर साधारण एक बार दाबाखाली चालते. तो दाब रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग धरून ठेवते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. बंद सिस्टीममध्ये एक बार दाब असला की तेच पाणी १२० पर्यंत उकळत नाही, त्यात निम्मं कूलंट मिसळलेलं असेल तर त्याहून वर जातं. आता बारीक गळती असेल तर ती गाडी तापल्यावर, दाब आल्यावरच सुरू होते. बाहेर आलेला थेंब तापलेल्या ब्लॉकवर पडतो आणि तिथेच वाळतो. तुम्ही घरी येता, इंजिन गार होतं, दाब उतरतो, गळती थांबते. खाली फरशी कोरडी. शिवाय इंजिनाखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर थोडं त्यातच साठतं. म्हणजे डाग नाही म्हणून ‘आत इंजिनमध्ये पाणी जातंय’ असं लगेच धरू नका. सर्व्हिस अॅडव्हायझरने तुम्हाला बहुधा हेच सांगून हेड गॅस्केटची भीती घातली असेल.

घरी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. फडकं गुंडाळूनही नाही. दाब सुटला की आतलं पाणी एका क्षणात उकळून अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर, बॉटलच्या पातळीवर मार्करने रेघ मारा आणि तारीख लिहा. रोज सकाळी याच वेळी बघा. पुष्कळ लोक संध्याकाळी गरम गाडीत पातळी बघतात आणि सकाळी गार गाडीत. मग ‘रात्रीत कमी झालं’ म्हणून घाबरतात. गरम असताना कूलंट प्रसरण पावून बॉटलमध्ये येतं, गार झाल्यावर रेडिएटर ते परत ओढून घेतो, एवढंच ते असतं. तुमच्या बाबतीत आठ-दहा दिवसांत एका रेषेपासून दुसरीपर्यंत जातंय, त्यामुळे गळती खरी आहे यात शंका नाही. पण रोज किती, आणि हायवेला जाऊन आलं की जास्त का, हे आकडे हातात असले तर मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा. एसी लावून आलात तर डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायांपाशी पाणी ठिबकणारच. ते एसीचं पाणी. त्याला रंग नसतो, वास नसतो, बोटांना चिकट लागत नाही. कूलंट बुळबुळीत लागतं, रंगीत असतं आणि त्याला गोडसर वास येतो. चाखून बघू नका, ते विषारी असतं. सांडलं तर पाणी ओतून जागा धुऊन टाका. गोड असतं म्हणून पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही दगावतात.

मग टॉर्च घ्या. तुम्हाला थेंब शोधायचा नाही, थेंब वाळल्यावर मागे राहतं ते शोधायचंय: गुलाबी, हिरवट किंवा पांढरट खपली. रेडिएटरच्या दोन्ही कडांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, त्या अॅल्युमिनियमच्या जाळीवर जिथे दाबून बसवलेल्या असतात तो सांधा नीट बघा. दहा वर्षांच्या गाडीत माझा पहिला संशय तिथेच असतो. प्लॅस्टिक रोज तापतं, रोज गार होतं, ते ठिसूळ होणारच. होज पाइपच्या टोकाला, क्लिपच्या मागे, बोट फिरवा. पाइप गार असताना दाबून बघा: भेगा पडल्यासारखा करकरला किंवा एखाद्या जागी फुगीर, पिलपिलीत लागला तर त्याचे दिवस भरलेत. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथून खाली ओघळाची रेघ उतरलेली दिसली तर पंप गेलाय. थर्मोस्टॅटचं हाउसिंगही अलीकडे प्लॅस्टिकचं येतं, त्याचा सांधाही बघा. आणि बॉटल स्वतः चिरलीय का, हे बघायला विसरू नका. ती बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

गाडीत बसल्यावर गोडसर वास येतो का, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं का, डावीकडचं कार्पेट ओलं आहे का? असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर. पुण्यात हीटर कोण लावतो म्हणून तिकडे कुणी बघत नाही, पण बऱ्याच गाड्यांमध्ये हीटर बंद असला तरी कोअरमधून पाणी फिरतच असतं.

एवढं करूनही दिसलं नाही तर प्रेशर टेस्ट. तुमच्या सर्व्हिस सेंटरने ती केली का, हे विचारा. एस्टिमेटवर तिचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा केलेली नाही. रेडिएटरचं काम करणाऱ्या कुठल्याही बऱ्या गॅरेजमध्ये तिचा पंप असतो. काही शे रुपयांचं काम आहे, ते पैसे आनंदाने द्या आणि समोर उभं राहून बघा.

गाडी गार. झाकण काढून त्या जागी पंपाचा अॅडॉप्टर बसवतात. हाताने दोन-चार दट्टे मारले की मीटरचा काटा वर जातो. झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो तेवढाच द्यायचा, साधारण ०.९ ते १.१ बार. जास्त दिला तर चांगला सांधाही फुटतो. मग सगळ्यांनी हात बाजूला घ्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघायचा. जागेवर राहिला तर गार अवस्थेत गळती नाही. घसरायला लागला तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खाली जायचं. एकदा अशीच तुमच्यासारखी केस आली होती, डाग नाही, खपली नाही. काटा अगदी सावकाश उतरत होता. आरसा वॉटर पंपाच्या मागे धरला तर भोकाच्या कडेला एक गुलाबी मणी हळूहळू मोठा होत होता. पडला, आणि दुसरा भरायला लागला. मालकांना आरशात दाखवलं आणि फक्त वॉटर पंपाचं बिल केलं.

गार असताना काटा हलला नाही तर टेस्टचा पंप तसाच बसवलेला ठेवून गाडी गरम करून पुन्हा तीच टेस्ट, कारण काही सांधे धातू प्रसरण पावल्यावरच सुटतात. तरीही हाती लागलं नाही तर कूलंटमध्ये रंगद्रव्य टाकून दोन-तीन दिवस गाडी चालवायची आणि यूव्ही टॉर्चने बघायचं. गळतीची जागा हिरवी चमकते. आणि टेस्टच्या त्याच पंपावर झाकणही तपासून घ्या. स्प्रिंग ढिली झाली की झाकण कमी दाबालाच सुटतं, कूलंट बॉटलमध्ये आणि तिथून ओव्हरफ्लोच्या नळीने रस्त्यावर जातं. सगळं कोरडं, डाग नाही, आणि चढावर गाडी गरम. तुमच्या ४१,६०० च्या यादीत झाकण नाही. सगळ्या सिस्टीममधला जवळजवळ सगळ्यात स्वस्त भाग तोच आहे.

आता हेड गॅस्केट. हे काम ‘खबरदारी म्हणून’ कुणी करत नाही, करूही नये. हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग सोडायचं, इनटेक-एक्झॉस्ट सोडायचं, इंजिन अर्धं उघडं करायचं. नीट चालणारं इंजिन उघडलं तर नवीन दुखणं लागण्याची शक्यता वाढते. गॅस्केट गेलंय की नाही हे ठरवायच्या चाचण्या आहेत, त्या आधी मागा. थंड गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत, इंजिन अजून कोमट असताना, वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. बॉटलमध्ये सतत बुडबुडे येतात. सकाळी सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळतो आणि थोड्या वेळाने सुरळीत होतो. सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही येतच राहतो. थंडीत सकाळी दोन मिनिटं येणारी वाफ यात धरू नका. पक्कं करायचं तर एक टेस्टर येतो: निळं द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढतात, जळालेला गॅस असेल तर द्रव पिवळं होतं. जोडीला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पुरेसा दाब बनतो का ते बघणं.

ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा पांढरा थर दाखवून हेड गॅस्केट गेलं म्हणणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात, रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत, नुसत्या दमटपणाने तसा थर जमतो. डिपस्टिक ओढून बघा. तिथलं ऑइल स्वच्छ आणि पातळी जिथल्या तिथे असेल तर शांत राहा. डिपस्टिकवरच दूधाळ दिसलं तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या.

आणि समजा गॅस्केट खरंच गेलंय. तरी तुमचं एस्टिमेट अपुरं आहे. हेड उतरवल्यावर ते लेथवर तपासावं लागतं, वाकलं असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं), चीर आहे का म्हणून हेडची वेगळी प्रेशर टेस्ट. बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवीन लागतात. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलणं आलंच. यातलं काहीही तुमच्या कागदावर वेगळं लिहिलेलं नाही. म्हणजे एकतर ‘गाडी उघडल्यावर बघू’ म्हणून पुढे आकडा वाढणार, किंवा ती ओळ नुसती भर घालायला टाकलीय. कुठलंही असलं तरी सही करण्यासारखं नाही.

बाकीच्या ओळी. रेडिएटर बदलायचा तर वरचा-खालचा होज सोडावाच लागतो, कूलंट काढावंच लागतं. मग होजचं लेबर, कूलंट काढायचं लेबर, थर्मोस्टॅटचं लेबर असं तीनदा लागता कामा नये. ७,००० लेबर कशाचं, याची फोड मागा. हेडचं काम वगळलं तर हा आकडा निम्म्याखाली यायला हवा असं माझं मत. हॅचबॅकमध्ये कूलंट साधारण चार-पाच लिटर बसतं, तेव्हा २,४०० मध्ये कूलंट किती आणि फ्लशिंग किती तेही विचारा. आतलं पाणी गंजाळ, तांबूस असेल तर फ्लशिंगला अर्थ आहे, स्वच्छ रंगीत कूलंट निघालं तर नाही. होज पाइपचं मात्र मी सर्व्हिस सेंटरच्या बाजूने बोलेन. दहा वर्षांचे रबरी पाइप रेडिएटरबरोबर बदलून टाकलेले बरे. सगळे नकोत, वरचा आणि खालचा पुरे, हीटरचे पाइप हाताला टणक लागले तर तेही. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल आणि पंपच गेला असेल, तर बेल्ट आणि टेन्शनर त्याच वेळी बदला, कारण तेवढंच उघडावं लागतं. पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर हा प्रश्नच नाही.

सुट्या भागांच्या किमती तपासायला नाना पेठेत एक चक्कर मारा. पार्ट नंबर एस्टिमेटवर असतोच, नसेल तर मागून घ्या. पाकिटावरच्या एमआरपीत कर धरलेला असतो, त्यावर पुन्हा जीएसटी लावलेला चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बहुतेकांवर २८ होता. जुन्या छापील दराने कुणी हिशोब केलाय का, ते बघा. रेडिएटर कंपनीचाच हवा असा माझा हट्ट नाही, नावाजलेल्या पार्ट उत्पादकाचा चालतो. पंप, थर्मोस्टॅट आणि झाकण मात्र अस्सलच घ्या. दोनशे रुपये वाचवायला नकली झाकण बसवलं की त्यातली स्प्रिंग किती दाबाला सुटेल ते त्या बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तुमच्या शेजारच्या मेकॅनिकचा उपाय. लीक-स्टॉप जिथे भेग आहे तिथे बसतं तसंच जिथे नाही तिथेही बसतं. हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या आधी चोंदतात. जुने ट्रकवाले घाटात रेडिएटरमध्ये हळद टाकून वेळ मारून नेत, त्यांना पुढच्या गावापर्यंत पोचायचं असायचं आणि तेव्हाचे पितळी रेडिएटर खोलून साफ करता यायचे. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला तो इलाज नाही. थर्मोस्टॅट काढून टाकणं तर त्याहून वाईट. इंजिन वेळेत तापत नाही, ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं आणि काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो. गळती असते तिथेच राहते. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवीन घाला, काढू नका.

खंबाटकीचं अजून एक. पुण्याहून साताऱ्याला जाताना तो चढ लांब आणि पुढे ट्रक असला की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावं लागतं. समोरून वारा कमी, इंजिनवर ताण जास्त, वर एसी. तिथे सगळं पंख्यावर असतं. म्हणून एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरतो का, दोन्ही वेगांनी फिरतो का, हे गॅरेजमध्ये उभं राहून बघा. शहरात रांगताना गरम आणि हायवेला ठीक असेल तर पंख्याकडे संशय. हायवेला वेगात असताना गरम होत असेल तर रेडिएटर चोंदलाय किंवा पाणी पुरेसं फिरत नाही. तुमच्या गाडीत कूलंटच कमी होतं, त्यामुळे पंख्याची चूक असेलच असं नाही, पण बघायला दोन मिनिटं लागतात.

तोवर गाडी चालवायची का? रोज सकाळी पातळी बघून, वर भरून, शहरात चालवा. घाट नको. वर भरायला आधी भरलंय त्याच प्रकारचं कूलंट घ्या. नुसता रंग जुळवू नका, डब्यावरचा प्रकार वाचा, कारण एकाच रंगात वेगवेगळी रसायनं मिळतात. पाणी मिसळून वापरायचं सांद्र कूलंट आणलंत तर त्यात बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी. धायरी-नऱ्हे भागातलं बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालू नका, त्यातले क्षार आत बसतात. रस्त्यात अडलात तर सीलबंद बाटलीचं पिण्याचं पाणी चालेल, नंतर बदलून घ्या. काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू, आणि जागा मिळाली की बाजूला घ्या. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर तिथेच इंजिन बंद. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ म्हणून तीन-चार किलोमीटर ओढलेल्या गाड्यांचीच हेड मी जास्त उतरवली आहेत. आणि काट्यावर आंधळा विश्वास नको: कूलंट फारच कमी झालं की सेन्सर नुसत्या हवेत राहतो आणि काटा खालीच दाखवतो. तापलेली गाडी ओढू नका, याला विम्याचंही कारण आहे. दगड लागून रेडिएटर फुटला तर तो अपघातात धरतात, पण फुटल्यावर तशीच चालवून इंजिन बसलं तर नेहमीच्या पॉलिसीत क्लेम बहुधा नाकारला जातो.

सर्व्हिस सेंटरला फोन करून एवढंच म्हणा: आधी फक्त प्रेशर टेस्ट, झाकणासकट, माझ्या समोर. गळतीची जागा दाखवा, फोटो जॉब कार्डवर जोडा, मग त्या जागेपुरतं नवीन एस्टिमेट द्या. मला विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नका, आणि काढलेले जुने भाग मला परत द्या. नाही म्हणाले तर गाडी तिथून परत आणा. टेस्ट दुसरीकडे करा, आणि जागा कळल्यावर हवं तर काम पुन्हा त्यांच्याकडेच द्या.

माझा अंदाज विचाराल तर, गाडीचं वय आणि गळतीचा वेग बघता रेडिएटरचा सांधा किंवा पंप, आणि जोडीला झाकण. तसं निघालं तर दोन होज आणि नवीन कूलंट धरून आठ ते चौदा हजारांत काम बसायला हवं, पंप टायमिंग बेल्टवर असेल तर थोडं वर. काम झाल्यावर सिस्टीममधली हवा काढली का विचारा. हवा अडकली तर नवीन रेडिएटर असूनही काटा नाचतो. पहिल्या दोन-तीन सकाळी पातळी किंचित उतरली तर ती राहिलेली हवा निघतेय, तेवढं भरा. आठवड्यानंतरही तुमच्या रेघेखाली जात राहिली तर बिल घेऊन परत जा आणि पुन्हा प्रेशर टेस्टचा पंप लावायला सांगा, या वेळी फुकट.